टाचणी

पहिल्यांदा वाटलं, मुंग्यांनी उकरलेली माती.
नवव्या ओळीतलं सातवं झाड,
बुंध्याशी चिमूटभर भुगा,
बोटावर घेतला तर पिठासारखा.
वाकून पाहिलं : सालीत छिद्रं,
नेमकी टाचणीच्या जाडीची.
पदराची टाचणी काढून घातली.
सरळ आत गेली,
कुणी अडवलं नाही.

शेंड्याची पानं पिवळी पडली तेव्हा
मी म्हणाले होते, पाणी कमी पडतंय,
आणि ठिबक दोन तास जास्त चालवलं होतं.
तहानलेलं नव्हतं ते.

जिभाऊंनी खोड चिरलं.
पिवळ्या लाकडात शाईचे डाग,
डागांतून गेलेले बोगदे.
"हाई गयं," एवढंच म्हणाले
आणि आठव्याकडे वळले.

हा भुंगेरा लाकूड खात नाही म्हणे.
सटाण्याच्या कृषी सहायक मॅडम बांधावर बसून सांगत होत्या :
मादी येते, सोबत बुरशीचं बियाणं आणते,
बोगदा खणते, आत पेरणी करते,
लेकरं त्या पिकावर वाढतात.
म्हणजे माझ्या डाळिंबात आणखी एक बाई
शेती करत होती.
सातबारा नाही, पंप नाही,
अंधारात, तिळाएवढ्या अंगाने.
क्षणभर कौतुकच वाटलं.
मग पुढची झाडं मोजली,
आणि नाही वाटलं.

"मुळासकट काढा, लांब नेऊन जाळा.
जुनं लाकूड बागेजवळ ठेवू नका."

जुनं लाकूड.
मागच्या छाटणीचं, बंबासाठी,
बांधावर रचलं होतं मीच.
वर प्लास्टिकही घातलं होतं,
भिजू नये म्हणून.
मोळी उचलली तर खालून
भुगा गळत राहिला
कितीतरी वेळ.

अकरा झाडं गेली. डाळिंब ओलं असलं तरी
एकदा पेटलं की मागे बघत नाही.
ठगूबाईने गेरूत औषध कालवलं,
हातमोजे घालून हसली,
"नवरीसारखं वाटतंय."
गुडघ्यापर्यंत एकेक खोड रंगवत गेलो,
छिद्र दिसलं की ब्रश दाबून, दोनदा.
सूर्य गिरणेपलीकडे गेला
तरी तीन ओळी उरल्या होत्या.

आता चहाच्या आधी फिरते.
गेरूवर भुगा लगेच दिसतो,
तेवढं एक बरं.

आज आठव्याच्या बुंध्याशी पांढरं काही होतं.
फुंकर मारली, उडालं.
कालची राख असेल.
टाचणी मात्र पदराला परत लावली नाही,
हातातच ठेवली.