मधला ठिपका

कालामाच्या शाळेत काचसामान धुण्याचं काम माझं.
दिवसाला तीन बादल्या पाणी.
चौथी हवी तर सही लागते.

आज यारित्सा मुशीत मोरचूद तापवत बसली होती.
चार पॉइंट नव्याण्णव ग्रॅम,
इतकं निळं की या वाळवंटात दुसरं तसं काही नाही,
आभाळसुद्धा खाणीच्या धुळीनं विटलेलं.

आच लागली तसं ते कडेकडेनं पांढरं पडत गेलं.
झाकणाला आतून घाम आला.
म्हणजे त्या कोरड्या खड्यात पाणी होतं,
बोटाला कधी न लागलेलं.

तिनं तोललं, वजा केलं,
पाणी अठरानं भागलं, क्षार एकशे साठनं.
उत्तर आलं चार पॉइंट चार.
पुस्तकात पाच.
तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पेन्सिलीनं
चाराचा पाच करायला घेतला.

उर्बानो मास्तर मागेच उभे. ओरडले नाहीत.
"बाकीचं कुठं दडलंय ते क्षारालाच विचार.
वजन हलायचं थांबेस्तोवर तापव."

पुन्हा आच, पुन्हा निवायची वाट, पुन्हा तराजू.
तीन पॉइंट एकवीस.
पुन्हा. तीन पॉइंट एकोणीस.
पुन्हा. तीन पॉइंट एकोणीस.
क्षार दोन शतांश मोल, पाणी दहा शतांश.
एकास पाच. पोरीनं नाक पुसलं.

फळ्यावर सूत्र होतं. मला त्यातलं एवढंच कळलं
की क्षार आणि पाणी यांच्या मधे एक ठिपका आहे.
अधिक नाही, वजाही नाही.
माझा नवरा सात दिवस खाणीवर, सात दिवस घरी.
लग्नाच्या कागदावर आमच्या दोन नावांमधे
खरं तर तेवढंच हवं होतं.

आमचं गाव नदीच्या खालच्या अंगाला. नदी वरच्यांनी वळवली.
माणसं एकदम नाही गेली,
आधी कडेची घरं पांढरी पडली.
शेवटी चर्च, दोन कुत्री आणि आत्या फ्लोरिसा.
ती हलत नाही. कितीही तापलं तरी.

तास संपला. मुशी माझ्याकडे आल्या.
यारित्साची भुकटी फेकून द्यायची होती.
तिसऱ्या बादलीत बोटं बुडवून वरून थेंब सोडले.

निळी झाली. ते दर वर्षी पाहते.
पण आज मूस तळहातावर होती, म्हणून कळलं,
परत येताना पाणी
गरम असतं.

आणखी दोन थेंब टाकले.
सही कुणाची घेतली नाही.