दोन सूत खोल

पियेदाद जुव्याहून आली,
पिशवीत भेंडी आणि मापाची गाठ मारलेली सुतळी.
म्हणाली, साधी फळी नको, कडेनं चर हवा.
कलिंगड चिरलं की रस
ओट्यावरून थेट माझ्या मांडीत.

फणसाचा तुकडा पोटमाळ्यावर होता,
माशेलच्या दमट हवेत जेवढं सुकता येतं
तेवढा सुकलेला.
रंधा मारला तसा आतून हळदीसारखा उजळला.
फर्मा ठोकला, गोल नाकाचं बिट आवळलं,
राउटर हातात घेतला.
मुलगी म्हणते, राउटर म्हणजे इंटरनेटचा डबा.
आमच्याकडे दोन्ही आहेत,
वीज गेली की दोन्ही सारखेच मुके.

चर एका दमात खोदायचा नसतो.
आधी अर्धं सूत, मग एक, मग दोन.
फर्म्याच्या आतून, घड्याळाच्या काट्यासारखं फिरत.
कोपऱ्यावर रेंगाळलात तर लाकूड जळतं,
काळा डाग जन्मभर सांगत राहतो
इथं याला काहीतरी आठवलं होतं.
म्हणून वळणावर श्वास रोखायचा,
हात नाही.

तिसऱ्या फेरीला वीज गेली.
यंत्र होतं तिथंच ठेवलं, चरात नाक खुपसून,
आणि चहाला गेलो.
बटण चालूच.

हॉटेलातला पंखा आधी फिरला,
मग रस्त्यापलीकडून ती किंकाळी आली.
धावलो.
बिन माणसाचं यंत्र फळीवर चाललं होतं,
फर्मा उचकटून, काठ फोडून
शेवटी वायरला लोंबकळत
भुश्यात भोवऱ्यासारखं गरगरत होतं.
प्लग ओढला. बोटं मोजली.
साडेनऊ. म्हणजे सकाळी होती तेवढीच.

बाबा मानशीची दारं करायचे.
खाजणाच्या बांधात बसवलेली दोन लाकडी पानं,
ओहोटीला आपसूक उघडणारी,
भरती आली की पाण्याच्याच ढकलीनं मिटणारी.
लहानपणी मला वाटायचं, बाबा रात्री जाऊन ती उघडतात.
शहाणपणाचं ते काही बोलल्याचं आठवत नाही.
चुकलं की विडी पेटवायचे
आणि चुकीकडे बघत बसायचे,
पाहुणी असल्यासारखे.

मीही बसलो.
फुटलेला काठ, त्यातून दिसणारा
अंगणातला पातळ उजेड.
मग कानस घेतली. फोडीचे दात घासले,
तोंड गोल केलं, चराला थोडा उतार दिला.
ऐंशीचा कागद, मग दोनशेवीसचा.
संध्याकाळपर्यंत हात पिवळे
आणि नाकात फणसाचा जुना, गोडसर वास.

शनिवारी पियेदाद आली.
बोट कोपऱ्यावर ठेवून म्हणाली,
हें चुकलां न्हूं, मेस्ता?
मी म्हटलं, रस ओतायला तोटी केलीय.
ती माझ्याकडे बघत राहिली.
तिच्या घरामागेच मानस आहे,
कुठलं दार बांधलेलं आणि कुठलं फुटलेलं
तिला काय सांगायचं.

बाटली काढून तिनं फळीवर पाणी ओतलं.
पाणी काठाकडे सरकलं, चरात उतरलं,
तीन कोपरे न चुकता वळलं,
चौथ्याशी जरा थबकलं,
फुगलं,
आणि माझ्या पायावर पडलं.

पन्नास रुपये कमी दिले तिनं.
भेंडी ठेवून गेली.