भोज्या

शाळा सुटली शुक्रवारी,
आणि सोमवारी बोटीवरून धक्क्यावर उडी मारताना
मी घसरलो. नडगी, दोन ठिकाणी.
डॉक्टरीण म्हणाली, सहा आठवडे प्लास्टर.
रागन्हिल्ड म्हणाली, बरं झालं,
मुलांपाशी कोणीतरी लागणारच होतं,
आणि गेली आपल्या फेरीबोटीवर, तिकिटं फाडायला.

तीन मुलं. आठ आठवडे.
त्यातून नॉर्वेच्या या टोकाला जूनमधला सूर्य
निघतो निघतो म्हणत दारातच उभा राहणारा पाहुणा.
रात्री अकरालाही टेबलावर ऊन.
"अंधार पडला, आता पुरे, आत या"
हे हुकमी वाक्य
इथल्या कुठल्याच बापाच्या कामाचं नाही.

पहिल्या दिवशी बुद्धिबळ शिकवलं.
दहा मिनिटं.
मग घोडे बादलीत पोहायला गेले,
वजीर हरवला तो अजून बेपत्ता आहे.
दुसऱ्या दिवशी पत्ते, तिसऱ्या दिवशी भांडणं,
चौथ्या दिवशी एरलेंडनं शांतपणे विचारलं,
"बाबा, तुला आणखी काय येतं?"

विचार केला.
डोळे मिटून कॉड साफ करता येतो.
वारा फिरणार हे कानाच्या पाळीला आधी कळतं.
जाळं दुरुस्त करता येतं.

माळ्यावरून फाटकं जाळं उतरवायला लावलं,
प्रत्येकाच्या हातात एक सुई:
बोटाभोवती फेरा, वरून घे, खालून काढ, ओढ.
सुन्निवाची भोकं बोराएवढी,
एरलेंडच्या भोकातून अख्खा सील सुटेल,
आणि धाकट्या तीरिलनं विणल्या नुसत्या गाठी,
मुठीएवढं, एकही भोक नसलेलं जाळं.
ते ती उशाखाली घेऊन झोपली.
झोपली, हे महत्त्वाचं.

मग दुधाच्या खोक्यांच्या होड्या झाल्या.
शिंपल्यांचा गोठा झाला, माझ्या बापाच्या लहानपणचा:
मोठा शिंपला गाय, छोटा मेंढी,
शंख म्हणजे कोंबडा, तो फुंकला की सकाळ.
सकाळ दिवसातून वीसदा व्हायची.

कागद संपले तेव्हा त्यांची नजर प्लास्टरवर गेली.
घोट्यापाशी आमचा धक्का, पोटरीवर डोंगर,
गुडघ्याखाली निळ्या खडूचा सगळा समुद्र,
त्यात एक देवमासा, चष्मा लावलेला.
रात्री कामावरून आलेली रागन्हिल्ड
डिझेलच्या वासासकट वाकून बघत राहिली,
खिशातलं बॉलपेन काढलं
आणि देवमाशाच्या शेपटीजवळ
आपली फेरीबोट काढली. खिडकीत स्वतः.

लपाछपीत राज्य कायम माझ्यावर.
बसल्या जागेवरून कुणाला पकडणार?
आठवड्यानं मुलांनी मला बढती दिली:
राज्य नको, बाबा भोज्या.
तेव्हापासून दिवसभर
धापा टाकत, गुडघ्यांना गवत लावून
कुणी ना कुणी यायचं, प्लास्टरवर थाप मारायचं
आणि ओरडायचं, सुटलो!
हाडाला कळ जायची.
मी कधी बोललो नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला करवत फिरली.
धक्का, डोंगर, मग नेमकी फेरीबोट,
खिडकीतल्या बाईच्या अर्ध्यातून.
डॉक्टरीण तुकडे टोपलीत टाकणार तोच
सुन्निवानं पिशवी पुढे केली. ती घरूनच घेऊन आली होती.
आतला पाय निघाला
दांडीवर वाळत घातलेल्या माशासारखा,
पांढरट, बारीक, कुणा भलत्याचाच.

त्या संध्याकाळी सूर्य खरोखर गेला.
फार नाही, पण लपण्यापुरता काळोख होता
कुंपणाकडे, उलट्या होडीखाली.
एरलेंडवर राज्य. आकडे मोजून झाले.
तीरिल पळत आली,
माझ्यासमोर येऊन थबकली.
पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
मागे पावलं वाजत होती.

मग एक बोट टेकवलं, अलगद,
दुखेल की काय म्हणून.
"सुटले का?"

सुटलीस, म्हटलं.
डॉक्टरणीनं रोज दोनदा धक्क्यापर्यंत चालायला सांगितलंय.
उद्यापासून चालेन.
अजून दोघं लपलेली होती.