जबाब

तुमचं पत्र मिळालं.
पाकिटावर माझं पूर्ण नाव, उर्मास लेपिक,
हापसालू, गल्ली, मजला, दाराचा आकडा.
कुठून मिळालं हे विचारत नाही.
तुम्हाला बघायचा हक्क आहे. मला नव्हता.
खरं तर इथेच जबाब संपतो,
पण खाली तुम्ही आठ ओळी कोऱ्या सोडल्यात.

बावीस वर्षं मी जहाजावर रेडिओ सांभाळला.
खलाशांच्या तारा माझ्या कानातून जायच्या:
मुलगी झाली. आई गेली. घर विकलं, येऊ नकोस.
जेवताना तोच खलाशी मीठ मागायचा
आणि मी मीठ द्यायचो, बस्स.
त्या गप्प बसण्याला पगार होता, टोपी होती,
वर कप्तान होता,
चूक झाली तर सोबत बुडायला आख्खं जहाज होतं.

इथे गुरुवारची रात्र, दहा ते दोन.
झोप न येणाऱ्यांनी टोपणनावानं लिहायचं,
आम्ही चौघांनी वाचायचं, भांडणं मिटवायची.
कॉफी आपापली, वीजबिल आपापलं.
संस्थेच्या हेलीबाईंनी एक पासवर्ड दिला आणि एक कागद;
मी चष्मा न लावताच सही ठोकली.
त्या पासवर्डानं टोपणनावाखालचं सगळं दिसायचं,
नाव, फोन, घर.
तीन वर्षं मी तिकडे फिरकलो नाही.
(तुमच्याकडे नोंद असेलच. यंत्र विसरत नाही म्हणतात.)

मग फेब्रुवारीत टिटवीनं लिहिलं:
बर्फ पातळ झालाय. मी चालत बेटाकडे निघालेय.
त्यानंतर चाळीस मिनिटं काही नाही.

मी उघडलं.
नाव वाचलं. रुग्णवाहिकेला सांगितलं. नावासकट.

ती घरातच होती.
लहानपणचं काहीतरी आठवून लिहिलं होतं म्हणे.
अंगणात निळा दिवा फिरला, शेजाऱ्यांचे पडदे हलले.
तिच्या मुलाचा ताबा कोर्टात होता, हे मला कसं ठाऊक असणार?
आता त्या रात्रीची नोंद नवऱ्याच्या वकिलाच्या फायलीत आहे,
वर पिवळी चिठ्ठी लावून.

माझी भाची त्रिईन कायदा शिकते. ती म्हणते,
जीव वाचवायला बघितलं असेल तर बाजू मांडता येईल,
मात्र संस्थेचा विमा पगारी माणसांपुरताच,
आणि कागदाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे:
स्वयंसेवक स्वतः जबाबदार.
मागचं पानही होतं तर.
फुकटची हमाली, वर भुर्दंड, असं मी म्हणणार होतो.
म्हणत नाही. कारण तुमच्या नोंदीत
दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजून दहा मिनिटंही असतील.

तेव्हा कोणी बर्फावर नव्हतं.
मी पुन्हा उघडलं, पत्ता नीट वाचला,
सायकल काढली, तिच्या गल्लीतून गेलो.
स्वयंपाकघरात दिवा होता. कोणीतरी पाव कापत होतं.
मला बरं वाटलं.
पहिल्यांदा मी तिच्यासाठी पाहिलं. दुसऱ्यांदा माझ्यासाठी.
पहिल्याबद्दल वकील काय ते बोलेल.
दुसऱ्याबद्दल मीच बोललो पाहिजे, म्हणून हा जबाब
आठ ओळी सोडून समासात शिरलाय.

तक्रारीत तिनं माझं खरं नाव घातलंय.
ते तिला तुम्ही दिलंत, रीतसर, शिक्क्यासकट.
योग्यच केलंत.

टिटवीचं नाव या कागदावर मी कुठेही लिहिलेलं नाही.