पाव इंच

शाळेची पिवळी बस एकतीस वर्षं हाकली मी
वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात,
जिथे सरळ रस्ता म्हणजे
कोळसा कंपनीने कधीकाळी दिलेला शब्द.
वळणं मला कुणी शिकवायला नकोत,
असं म्हणालो आयसी थॅकेटला
चर्चच्या तळघरात, जिथे बुधवारी बायका गोधड्या शिवतात.
तिने चष्म्यावरून पाहिलं
आणि दोन तुकडे पुढे सरकवले:
एक चतकोर,
आणि एक चौकोन, ज्याचा कोपरा कुणीतरी चावून नेलेला.
"बसव," म्हणाली.

बसेनात.
सुलट्या बाजू एकमेकींवर ठेवल्या
तर एकाची कड इकडे पळते, दुसऱ्याची तिकडे,
पाठीला पाठ लावून रुसलेली दोघं.

आधी मधोमध टाचणी, व्हर्लिन. मग दोन्ही टोकांना.
मग उरलेल्या जागा.
खोलगट तुकडा वर घे, त्याच्या कडेला बारीक काप दे,
शिवणीच्या रेघेच्या अलीकडेच थांबणारे.
आणि ओढू नकोस.
गोल कापलं की कुठेतरी कापड तिरकं पडतंच;
तिरकं कापड ओढलं तर येतं,
परत जात नाही.

हे मला कळलं. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबायचा नसतो,
तो आधीच दाबून घ्यायचा,
आणि मागची चाकं येतील एवढी जागा ठेवायची.
कळलं मला. बोटांना नाही.
पहिल्या शिवणीला इतक्या चुण्या पडल्या
की आयसीने ती न बोलता उसवली,
शेजारणीशी टोमॅटोच्या लोणच्याबद्दल बोलत.

डेल्फियाच्या बुटांच्या खोक्यात
चतकोर निघाले एकशे बारा, निळे आणि मळकट पांढरे,
दहा-दहाचे गठ्ठे दोऱ्याने बांधलेले.
चावलेले चौकोन एकशे अकरा.
ऑगस्टपर्यंत कापत होती.
मग कात्री जड झाली.

नमुन्याचं नाव विचारलं
तर टेबलाभोवतीच्या सुया जरा थबकल्या.
"दारुड्याची वाट," आयसी म्हणाली.
"जुनंच आहे. कुणी ठेवलं माहीत नाही."

खाण बंद पडली तेव्हापासून बस मिळेपर्यंतची चार वर्षं
मी घरी कसा यायचो
ते रस्त्याला माहीत होतं आणि तिला.
व्हरांड्याच्या पायऱ्या सहा,
मी सात मोजायचो.
ती कडी काढायची आणि परत जाऊन झोपायची.
त्या गोष्टीचं तिने कधी नाव काढलं नाही,
मला नावंही ठेवली नाहीत.
"सोड" म्हणाली नाही.
एका मार्चमध्ये मीच सोडली,
तेव्हाही एवढंच, की बटाटे लावायला झालेत.

मग हा नमुना कुणासाठी?
वळणाचं पाणी वळणावर जाणार, असं काही
ती मनात म्हणत बसली होती का, कात्री चालवत,
मी शेजारी बेसबॉल ऐकत असताना?
"निळा रंग आवडायचा तिला,"
आयसी दोरा तोडत म्हणाली. "तेवढंच असेल."

हिवाळाभर शिवत राहिलो.
फेब्रुवारीत सगळं जमिनीवर मांडलं:
वाट निघते, अडखळते, मागे वळते,
स्वतःलाच ओलांडून पुन्हा निघते.
खालच्या कोपऱ्यात एक चतकोर एकटा.

बसचं निळं जाकीट कपाटात होतंच.
जाड आहे, बाकीच्यांना ओढेल, आयसीने बजावलं.
मी मान हलवली आणि पाठीची शिवण उसवली.

साचा खोक्याच्या तळाशी सापडला,
कॉर्नफ्लेक्सच्या डब्याचा पुठ्ठा,
हाताळून हाताळून कापडासारखा मऊ,
आणि कडेला पेन्सिलीत, तिच्या त्या वळणदार अक्षरात:
पाव इंच सोड.

बराच वेळ तसाच धरून बसलो.

आतल्या गोलाईवर कात्री वळत नाही,
कात्री जागेवर ठेवून
कापड हळूहळू फिरवावं लागतं.
खडूने रेघ आखली.
तेवढं सोडलं,
मग कापलं.