दरज

पहिले तीन महिने भिंतीला हात लावायचा नाही,
हे प्रवेशाच्या कागदावर कुठंच लिहिलं नव्हतं.
नुसतं बघायचं.
भेगा मोजायच्या, कागदावर उतरवायच्या,
केसाएवढी, नखाएवढी, बोट जाईल एवढी,
आणि शंका आली तर भेगेवर आडवी
काचेची पट्टी चिकटवून खाली तारीख टाकायची.
भिंत हलली तर काच तडकेल.
तोवर आपण थांबायचं.

बंद गिरणीचं टाइम ऑफिस. बाहेर त्रेचाळीस अंश,
आत काळ्या दगडाचा माठासारखा गारवा.
हजेरीच्या खिडकीची कड
बिल्ले सरकवून सरकवून गुळगुळीत झालेली.
ती पण उतरवून घ्या, म्हणाल्या मॅडम,
झीज हासुद्धा पुरावा असतो.

नायना विचारतात, शिकून झाल्यावर
तुला लोकांनी म्हणायचं काय? गवंडी का इंजिनिअर?
मी ताटातली शेंगाचटणी सारखी करत बसते.
बोटांना चुन्यानं चिरा पडल्यात,
चटणी त्यांत शिरते, मी तोंड वाकडं करत नाही.

आमच्या घरात सुन्नम. इरण्णाच्या घरात सुण्णा.
दस्तगीर मिस्त्री म्हणतात चूना, ऊ लांबवून,
जसं काही कुणाला हाक मारतायत.
कळी पाण्यात टाकली की हौद खदखदतो,
मग तो निवतो, मग त्याला झाकून ठेवायचं, महिनाभर.
घाई केली तर भिंतीत जाऊन फुगतो, मिस्त्री सांगतात,
अर्धवट झोपेतून उठवलेल्या माणसासारखा.

गावात चुना लावणं म्हणजे फसवणं.
इथं फसवलं सिमेंटनं,
नाव मात्र चुन्याचं झालं.

उत्तरेच्या भिंतीत असंच एक ठिगळ होतं, परातीएवढं,
राखाडी, टणक, स्वतःवर खूश.
त्याच्याभोवती लोणा फुटलेला,
मागचा दगड बोटानं झडत होता.
मी वहीत लिहिलं: अयोग्य दुरुस्ती, करणारा अज्ञात.
मिस्त्रींनी चष्मा वर केला, वही वाचली,
वाकून ठिगळाच्या खालच्या कोपऱ्यावरची धूळ फुंकली.
ओल्यात कोरलेला एक द.

एकोणऐंशी साल, म्हणाले.
मुकादम म्हणला नवा माल आलाय, फोड पोतं.
एकोणीस वर्षांचा होतो. फार मजबूत वाटलं होतं.
मग छिन्नी माझ्या हातात देऊन,
तिरपी धर. दगडाला लागू नको देऊ,
माझ्या कामाला लागू दे.

चार दिवस लागले.
ते उलट्या बादलीवर बसून.
खपली पडली की नुसतं, हं.
पुन्हा खपली. हं.
तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागवला आणि प्यायलेच नाहीत.

आता दरज भर, म्हणाले. दगडाहून कच्चा माल घे.
भिंतीला दुखलं तर आधी आपण फुटायचं,
दगडानं नाही.
आणि असं भर की पुढं कुणाला काढावं वाटलं
तर त्याला चार दिवस लागू नयेत.

रात्री नायना मागावर तुटलेला तार जोडत होते,
गाठ चादरीच्या उलट बाजूला सारत.
मी म्हटलं, आमच्यात दुरुस्ती दिसावी लागते.
जवळ गेल्यावर नवं ते नवं कळलं पाहिजे.
धोटा थांबला.
मग गिऱ्हाईक घेतंय का? त्यांनी विचारलं,
खरंच माहीत करून घ्यायचं होतं त्यांना.

द चा तुकडा मी ढिगाऱ्यात टाकला नाही.
डबीत कापूस, कापसावर तो, वर चिठ्ठी.
नमुना सतरा. उत्तर भिंत.
वहीतलं अज्ञात खोडलं, एका रेघेनं,
खालचं वाचता येईल असं,
आणि पुढं लिहिलं:
दस्तगीर मिस्त्री. हयात.
सकाळी नऊला येतात.