अर्धं डोकं

लोमेच्या बाजारामागे, पत्र्याच्या टपरीत
एन्योनाम वेण्या घालते. बारीक, मुळापासून घट्ट.
एका डोक्याला चार तास.

मागे तीन दिवस ती दवाखान्यात शिकली :
सल्ला देऊ नका.
‘देवाची मर्जी’ म्हणू नका.
झोप विचारा, भूक विचारा,
मरावंसं वाटतं का, तेही विचारा,
आडपडदा न ठेवता.

आज खुर्चीत द्झिफा, मासळीवाली.
डावी बाजू होईतो कोळशाच्या भावाची कुरकुर.
उजवीला हात घातला तेव्हा
पाठमोरीच म्हणाली,
दूध अजून येतं. बाळ नाही.

एन्योनामचे हात थांबले नाहीत.
हे कुणी शिकवलं नव्हतं;
हात थांबले की बाई गप्प होते,
एवढं तिला आधीपासून ठाऊक.
मग तिने विचारलं. सगळं.

तेलाच्या बाटलीखालची चिठ्ठी
तिने वाचून दाखवली, द्झिफाला अक्षर येत नाही :
गुरुवारी, मागची खोली, फुकट.
‘मी येते सोबत. टपरी बंद ठेवीन.’

भिंतीवरच्या दरपत्रकात
यातलं काही नाही.
द्झिफाने वेण्यांचे पैसे मोजले, चुकले,
पुन्हा मोजले.

‘दोन रात्री ठणकेल,’
एन्योनाम म्हणाली.
‘वेण्यांचं बोलतेय मी.’